शेवटच्या नळाचं गणित

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात फ्लॅट बघायला जाणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : पाणी येतं का? नागपूरच्या एका प्रोफेसरांनी हाच प्रश्न गणितात मांडला, तोही १९८१ साली. प्रा. प्रमोद भावे यांच्या कामाची ही ओळख.

तुमच्या सोसायटीत पाणी किती वाजता येतं?

दादर-पार्ल्याच्या मैत्रिणीला हा प्रश्न विचारा, ती दोन सेकंद ब्लँक होते. टाकीत असतंच की पाणी! कल्याणच्या पुढच्या माणसाला विचारा. तो टायमिंग सांगेल, प्रेशर सांगेल, कुठल्या विंगला आधी चढतं तेही सांगेल. आमच्याकडे फ्लॅट बघायला आलेली जोडपी मॉड्युलर किचनकडे नंतर बघतात, आधी बेसिनचा नळ सोडतात. ब्रोकरही बेरकी. ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’च्या जोडीला ‘पाण्याचं टेन्शन नाही’ हे वाक्य तो पाठ करूनच आलेला असतो. (दहा मिनिटं म्हणजे किती, ते तुम्हाला माहीत आहेच.)

मी गेली काही वर्षं बदलापुरात भाड्याने राहते. या पट्ट्यात पाण्याला तोटा आहे असं बाहेरच्या माणसाला वाटणारच नाही. उल्हास नदी गावाला खेटून वाहते. एमआयडीसीचं बारवी धरण इथून हाकेच्या अंतरावर. उल्हासनगर महापालिका एमआयडीसीकडून पाणी घेते, अंबरनाथ आणि बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देतं. म्हणजे एका रेल्वे लाइनवरची लागून-लागून तीन स्टेशनं, आणि पाण्याचे मालक दोन. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण बहुतेक अशाच एखाद्या गावात जन्मली असावी.

त्यात ही तिन्ही शहरं नकाशावर आखून झालेली नाहीत. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरले, १९४९ साली त्याचं उल्हासनगर झालं, आणि आजही तिथला पत्ता कॅम्प नंबरने सांगतात. अंबरनाथ वाढलं कारखान्यांभोवती. आणि बदलापूर? २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं गाव २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास पोचलं. पाइप टाकताना इंजिनीअर तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरून चालतात. इथे दहा वर्षांतच माणसं जवळपास पावणेदोन पट झाली!

मग एवढ्याशा पाण्यात कोणाला किती मिळणार? हे आधी सांगता येतं का? मला वाटायचं, हा नगरसेवक आणि व्हॉल्व्ह सोडणारा माणूस यांच्यातला मामला आहे. तसं नाही. त्याचं एक शास्त्र आहे आणि त्या शास्त्रातलं एक मोठं नाव मराठी आहे.

मास कॉमवाली आणि पाइपांचं पुस्तक

झालं असं, की बदलापूरच्या पाण्यावर वाचताना मला २००७ चा एक लेख सापडला. लेखक डॉ. संजय दहासहस्र, जीवन प्राधिकरणातले इंजिनीअर, पुढे तिथलेच सदस्य सचिव. ठरावीक तास येणारं पाणी चोवीस तास कसं करायचं, हा विषय. उदाहरण चक्क बदलापूरचं! त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं म्हणून सिव्हिलवाल्या मित्राकडे गेले, तर त्याने एक जाडजूड पुस्तक हातात ठेवलं. ‘अॅनालिसिस ऑफ वॉटर डिस्ट्रिब्युशन नेटवर्क्स’, २००६. लेखक प्रमोद भावे आणि राजेश गुप्ता. दोघंही नागपूरचे. पहिल्या पानापासून समीकरणं. मी मास कॉमची. पुस्तक परतच करणार होते, पण मित्राने एक पान उघडून दिलं आणि म्हणाला, फक्त एवढं वाच, मग लोकल आठव.

भावे हे नागपूरच्या विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगमध्ये सिव्हिलचे प्रोफेसर. जुने नागपूरकर अजूनही ज्याला ‘व्हीआरसीई’ म्हणतात तेच हे कॉलेज, १९६० साली सुरू झालेलं, आताचं व्हीएनआयटी. पाण्याच्या इंजिनीअरिंगसाठी नागपूर हे तसं राजधानीचं शहर. आज ‘नीरी’ म्हणून ओळखली जाणारी संस्था तिथेच १९५८ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या नावातच ‘पब्लिक हेल्थ इंजिनीअरिंग’ होतं. मुंबईचे प्रा. सोली आर्सीवाला तिचे संचालक होते. सांडपाण्यावर प्रक्रिया कशी करायची, हे त्यांच्या पुस्तकांतून इंजिनीअरांच्या पिढ्या शिकल्या. घाण पाण्यावर काम करणारे आर्सीवाला आणि चांगलं पाणी नळापर्यंत नेण्यावर काम करणारे भावे, दोघांची नावं एकाच शहराशी जोडलेली.

भावेंचं करिअर फिल्मी नाही. ना आंदोलन, ना उपोषण, ना टीव्हीवरची मुलाखत. कॉलेज, विद्यार्थी आणि एकामागून एक पेपर. पण त्या पेपरांची नावं जरी ओळीने वाचली तरी एका माणसाचं डोकं कुठल्या दिशेने चाललं होतं ते दिसतं.

१९७८ च्या पेपरचं नाव मला फार आवडलं : ‘नॉनकॉम्प्युटर ऑप्टिमायझेशन’. म्हणजे कॉम्प्युटरशिवाय पाइपांचं स्वस्तात स्वस्त जाळं कसं डिझाइन करायचं! आज हे विनोदी वाटेल. पण तेव्हा आपल्याकडच्या नगरपालिकेच्या इंजिनीअरकडे काय होतं? कागद, पेन्सिल, फार तर कॅल्क्युलेटर. अमेरिकेतल्या पद्धतींना लागणारं मशीन त्याच्या नशिबात नव्हतं, आणि पैसे तर त्याहून नव्हते. पाणी योजनेत मोठा खर्च पाइपांचाच असतो. पाइप जाड घेतला तर बजेट बोंबलतं. बारीक घेतला तर दाब बोंबलतो. किती? तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपमधून न्यायचं म्हटलं तर घर्षणात वाया जाणारा दाब जवळजवळ २९ पट होतो. (हो, २९! मीही दोनदा विचारलं.) म्हणून कुठल्या गल्लीत कुठला पाइप, हा निर्णय लाखमोलाचा. भावेंनी तो हाताने सोडवता येईल असा रस्ता दाखवला.

आठची फास्ट आणि उणे दाब

आता ते पान, ज्याच्यासाठी मित्राने मला लोकल आठवायला सांगितली.

पाइपांच्या जाळ्याचं गणित जगाला शिकवलं ते हार्डी क्रॉस या अमेरिकन प्रोफेसरांनी, १९३६ साली. पाइप जिथे एकमेकांना मिळतात तो चौक म्हणजे ‘नोड’. प्रत्येक नोडवर लोकांना किती पाणी लागतं ते लिहायचं आणि मग कुठल्या पाइपमधून किती वाहील ते काढायचं. पद्धत सॉलिड आहे. फक्त तिच्या पोटात एक गृहीतक बसलेलं आहे : प्रत्येक नोडला हवं तेवढं पाणी मिळतंच. ज्या देशात नळ सोडला की कधीही पाणी येतं, तिथे यात काही वावगं नाही.

आता आपल्याकडे या. सकाळी बदलापूरहून सुटणारी फास्ट डोळ्यांसमोर आणा. बदलापूरकर आरामात बसतात, खिडकी पकडतात. अंबरनाथला उभं राहायला जागा मिळते. उल्हासनगरवाला दारात. विठ्ठलवाडीला पाय ठेवायला मिळाला तरी नशीब, आणि पुढे डोंबिवली यायच्या आत गाडी गच्च. आता समजा कोणी हिशेब मांडला, की प्रत्येक स्टेशनवर जेवढे लोक उभे होते तेवढे सगळे चढले. कागदावर डोंबिवलीचे सगळे प्रवासी डब्यात आहेत. कसे आहेत, ते विचारू नका!

पाण्याच्या गणितात नेमकं हेच होतं. टाकीत पाणी कमी असलं, तरी जुनी पद्धत शेवटच्या सोसायटीला तिचा पूर्ण कोटा देऊन टाकते. मग दाबाच्या रकान्यात आकडा येतो, उणे पाच मीटर, उणे आठ मीटर. उणे दाबावर पूर्ण पाणी! कॉम्प्युटर हे बिनदिक्कत छापतो. त्याला काय, त्याला बादली भरायची नसते.

भावेंनी १९८१ च्या पेपरमध्ये प्रश्न उलटा केला. ‘नोड फ्लो अॅनालिसिस’ हे त्या पद्धतीचं नाव. लोकांना किती हवं आहे त्यावरून दाब काढण्याऐवजी, आहे त्या दाबात लोकांना खरोखर किती मिळेल ते काढा. प्रत्येक नोडला एक किमान पातळी लागते, तिच्याखाली दाब गेला की नळातून थेंब येत नाही. म्हणजे नोड तीन प्रकारचे : पूर्ण पाणी मिळणारे, अर्धवट मिळणारे आणि अजिबात न मिळणारे. कोण कशात मोडतं ते आधी धरून चला, गणित करा, जुळलं नाही तर धरलेलं बदला, पुन्हा करा. शेवटी हातात एक यादी येते. गावातल्या कुठल्या चौकात आज कोरडं राहणार, त्याची यादी. आपल्या लोकलच्या भाषेत, प्लॅटफॉर्मवर कितीजण राहिले ते मोजा.

हा पेपर छापून आला तो अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनीअर्सच्या संघटनेच्या ट्रान्सपोर्टेशनच्या नियतकालिकात! पाइपलाइन म्हणजे पाण्याची वाहतूकच, असा त्यामागचा हिशेब असणार. कल्याण-कर्जत लाइनवरच्या माणसाला यात आश्चर्य वाटायचं कारण नाही.

अमेरिकेत किंवा युरोपात ही कल्पना आधी का सुचली नाही, याचा मी विचार करत होते. हुशार लोक तिथेही कमी नव्हते. पण तिथल्या इंजिनीअरच्या घरचा नळ कधी कोरडा गेला नसावा. तिथे पाणी कमी पडणं म्हणजे अपघात, पाइप फुटला, पंप बंद पडला किंवा आग लागून बंबांनी पाणी ओढलं. आपल्याकडे ती रोजची सकाळ आहे. नागपूरच्या मे महिन्यात राहणाऱ्या प्रोफेसरला हा प्रश्न सुचावा, हे मला अगदी साहजिक वाटतं. तेव्हा ही दिशा धरणारे जगात मोजकेच होते आणि भावेंचा पेपर त्या सुरुवातीच्या कामांत आजही धरला जातो.

मावशीची मोटर

माझी एक मावशी आहे. (गाव लिहायचं नाही अशी तिची ताकीद आहे.) ती लाइनच्या शेवटच्या टोकाला, चढावर, राहते. तिचा दीर टाकीच्या जवळ. गाव एक, पाणीपट्टी सारखी, पण दिराकडे अंगणातली झाडं शॉवरने न्हातात आणि मावशी पिंप भरायला पहाटे उठते. परवा मी तिला विचारलं, ‘मावशी, तक्रार का नाही करत गं?’ तर म्हणाली, ‘तक्रार कशाला? मोटर घेतली ना!’

तिची मोटर थेट नळाला लावलेली आहे. सगळ्या गल्लीने तेच केलंय. एकाने मोटर लावली की शेजारच्याचा दाब पडतो, मग तोही लावतो. शेवटी सगळे मोटरवाले पुन्हा जिथल्या तिथे. वीजबिल मात्र वाढलेलं, आणि ज्याला मोटर परवडत नाही तो बाद. इंजिनीअरच्या कागदावर या गल्लीला पूर्ण पाणी मिळतंय. म्हणूनच तो भावेंचा तिसरा प्रकार, अजिबात न मिळणारे नोड, मला एवढा महत्त्वाचा वाटतो. कोरडी गल्ली एकदा हिशेबात दिसली की तिच्यासाठी काहीतरी करावं लागतं. टाकीजवळचा व्हॉल्व्ह आवळा, टोकाला जाड पाइप टाका, चढावरच्या वस्तीला वेगळी टाकी द्या. दिसलीच नाही तर ‘पाणी सोडलंय, तुम्हीच जपून वापरा’ हे उत्तर तयार असतं.

आणि हा फक्त बादलीचा प्रश्न नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, दाब शून्यावर येतो किंवा त्याहून खाली. त्यात मोटरी ओढतच असतात. पाइप बऱ्याचदा गटाराच्या कडेने गेलेला, कुठे तडा, कुठे जॉइंट सैल. मग बाहेरचं आत खेचलं जातं. सकाळी नळाचं पहिलं पाणी गढूळ का येतं, त्याचं एक कारण हे. दूषित पाणी काय करू शकतं, ते दिल्लीने १९५५-५६ मध्ये पाहिलं. यमुनेत सांडपाणी पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचलं आणि कावीळ झालेल्यांचा आकडा तीस हजारांच्या घरात गेला. तिथे घाण शिरली ती नदीतच. रोज रिकाम्या होणाऱ्या पाइपात मात्र ती गल्लीगल्लीत शिरू शकते. पाइपात कायम दाब राहिला तर गळती आतून बाहेर होते. पाणी वाया जातं खरं, पण निदान गटार पोटात येत नाही.

बदलापूरचा प्रयोग

चोवीस तास पाणी म्हटलं की लोकांना पहिली शंका येते ती उधळपट्टीची. तीन तास येतंय तर पुरत नाही, चोवीस तास सोडलं तर धरण रिकामं होईल! माझीही समजूत हीच होती. पण जरा स्वतःच्या घरात डोकावून बघा. पाणी ठरावीक वेळी येतं म्हणून आपण भरून ठेवतो. भांडी, पिंपं, बादल्या, टब, सगळं. दुसऱ्या दिवशी ताजं आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून मोरीत ओततो. नळ उघडाच ठेवून ऑफिसला जाणारेही आहेत. (कोण ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे.) आणि सगळं गाव एकाच तासात पाणी ओढतं, म्हणून तेवढ्या तासापुरते पाइप कमी पडतात. तेच पाणी दिवसभरात विभागलं की तोच पाइप पुरू शकतो.

जीवन प्राधिकरणाने बदलापूरचा प्रयोग याच तर्कावर उभा केला. दहासहस्र यांच्या लेखात त्याची पद्धत आहे. जमिनीखालच्या पाइपांचा कॉम्प्युटरवर नकाशा, जाळ्याचं हायड्रॉलिक मॉडेल, एका टाकीखाली एक झोन, मीटर, गळतीचा शोध, आणि एकेका झोनला चोवीस तासांवर आणायचं. सगळ्या शहरावर एकदम जादूची कांडी फिरवायची नाही. पुढे सातारा जिल्ह्यातल्या, कराडला लागून असलेल्या मलकापुरात प्राधिकरणाने चोवीस तासांची योजना केली आणि ती बरीच गाजली. नागपूरने आधी धरमपेठ भागात प्रयोग केला आणि मग २०१२ पासून खासगी कंपनीच्या मदतीने शहरभर चोवीस तासांचं काम हाती घेतलं.

बदलापुरात नंतर काय झालं, तर टॉवर झाले. मॉडेलमध्ये जिथे बैठ्या घरांचा नोड होता तिथे आता वीस-बावीस मजल्यांच्या इमारती आहेत. आपल्याकडच्या जुन्या सरकारी मॅन्युअलमध्ये एक मजल्यासाठी ७ मीटर, दोन मजल्यांसाठी १२ आणि तीन मजल्यांसाठी १७ मीटर दाब नळाशी असावा, असं लिहिलं होतं. तीन मजल्यांवर गाडी थांबली होती! वरच्यांनी खाली टाकी बांधायची आणि पंप लावायचा, हे गृहीतच. चोवीस तास पाण्याच्या योजनेला शहर वाढतच राहणार हेही गृहीत धरावं लागतं, आणि भावेंनी त्यावरही लिहून ठेवलंय. १९८५ च्या पेपरचा विषयच आहे, की आधीपासून असलेलं जाळं वाढवायचं तर कमीत कमी खर्चात कसं वाढवायचं. १९८८ मध्ये ते दुसऱ्याच गोष्टीच्या मागे लागले : कागदावरचं मॉडेल जमिनीवर मोजलेल्या दाबाशी जुळतं का? न जुळणाऱ्या मॉडेलवर योजना उभी राहिली तर काय होतं, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

भावेंबरोबर पुढे राजेश गुप्ता हे नाव सारखं दिसू लागतं, तेही त्याच कॉलेजात प्रोफेसर. १९९४ मध्ये दोघांनी जाळ्याच्या भरवशाचं गणित मांडलं. एखादा पाइप फुटला, पंप बंद पडला, तर गावाला एकूण किती पाणी पोचेल? १९९६ मध्ये त्यांनी, पाणी कमी असताना कोणाला किती मिळतं हे सांगणाऱ्या वेगवेगळ्या पद्धती शेजारी ठेवून तपासल्या. तोपर्यंत जगात अशा पद्धती बऱ्याच झाल्या होत्या, आणि भावेंनी स्वतःच्या पद्धतीलाही त्या रांगेत उभं केलं. प्रोफेसर लोकांत हे दिसतं तितकं कॉमन नाही!

आता थोडं सॉफ्टवेअरबद्दल, कारण तुमच्यातले निम्मे आयटीत आहात. जगभरातले पाणी इंजिनीअर ‘इपानेट’ हे प्रोग्रॅम वापरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ते १९९३ मध्ये आणलं, फुकट. आपल्याकडेही कॉलेजांपासून कन्सल्टंटांपर्यंत सगळे तेच चालवतात. २००० साली त्याची दुसरी आवृत्ती आली आणि पुढची वीस वर्षं तीच चालली. तिच्या पोटात हार्डी क्रॉसच्या काळापासूनचं तेच गृहीतक होतं, सगळ्यांना सगळं पाणी मिळतं. वर्षानुवर्षं आपल्याकडच्या पोरांनी त्यात आपली तहानलेली गावं भरली आणि उणे दाबाचे आकडे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लाल पेनने खोडले.

२०२० मध्ये २.२ ही आवृत्ती आली आणि दाबानुसार पाणी मोजण्याची सोय त्यात अधिकृतपणे बसवली गेली. सूत्र भावेंचं नाही, १९८८ साली अमेरिकेत मांडलं गेलेलं आहे. पण प्रश्न तोच, नागपूरचा. १९८१ ते २०२०, एकोणचाळीस वर्षं. मित्राने लॅपटॉपवर ती सेटिंग उघडून दाखवली. दोन पर्याय असतात. एकात सगळ्यांना पूर्ण पाणी, दुसऱ्यात दाब असेल तेवढंच. प्रोग्रॅम सुरू केलं की आपोआप निवडलेला असतो तो पहिला. दुसरा आपल्याला जाऊन निवडावा लागतो.